कृत्तिकांचे कुटुंब, ताऱ्यांचे घड्याळ

कार्तिक महिन्याचे नाव ज्यावरून पडले, तो कृत्तिकांचा झुबका आपल्याकडे बहुतेकांना ओळखता येतो. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडे पाहिले की रोहिणीच्या थोडे वर, द्राक्षांच्या घोसासारखे दाटीवाटीने बसलेले सहा-सात तारे दिसतात. साधी दुर्बीण लावली तर त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या तारकागुच्छात हजाराहून अधिक तारे आहेत, हे खगोलशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र हे कुटुंब त्याहून फार मोठे असल्याचे दाखवले. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांच्या मते, कृत्तिकांबरोबर एकाच काळात जन्मलेले तीन हजारांहून अधिक तारे आकाशाच्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेले आहेत आणि हा समूह आधीच्या समजुतीपेक्षा जवळपास वीसपट मोठा आहे. आजवर वेगळे मानले गेलेले काही तारकागुच्छही याच कुटुंबाचे असावेत, असे ते म्हणतात.

बातमी म्हणून हे रंजक आहेच. पण हे दुरावलेले तारे ओळखले कसे, हा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. कुठल्याही महाकाय दुर्बिणीने त्यांचे नवे छायाचित्र घेतले नव्हते. हे तारे ठरावीक दिवसांनी किंचित मंद होतात, पुन्हा तेजस्वी होतात आणि हा क्रम चालू राहतो. त्या चढउताराचा वेग मोजून त्यांचे वय ठरवण्यात आले. तरुण ताऱ्यांच्या तेजातील हा बदल अनेक वर्षे निरीक्षकांना अडचण वाटत असे. गेल्या दहा वर्षांत त्याचे घड्याळ झाले आहे आणि ताऱ्यांभोवती ग्रह कसे घडतात, कसे टिकतात हे सांगणारी नोंदवहीही झाली आहे. ही नोंदवही पुढे कोण आणि किती काळ लिहीत राहणार, हा आजचा खरा प्रश्न आहे.

लुकलुक वेगळी, बदल वेगळा

आधी एक गल्लत दूर करायला हवी. आपल्याला तारे लुकलुकताना दिसतात ते पृथ्वीच्या हवेमुळे. हवेचे थंड-गरम थर हलत असतात आणि त्यातून येणारा प्रकाश थरथरतो. अवकाशात गेलात तर ही लुकलुक थांबते. इथे चर्चा आहे ती ताऱ्याच्या स्वतःच्या तेजात होणाऱ्या बदलाची. असा बदल दाखवणाऱ्या ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात.

तरुण ताऱ्यांत हा बदल मुख्यतः चार कारणांनी होतो. पहिले कारण डागांचे. सूर्यावर डाग असतात तसे तरुण ताऱ्यांवरही असतात, पण ते खूप मोठे. डागांच्या जागी चुंबकीय क्षेत्र तीव्र असते. आतून वर येणारी उष्णता तिथे अडते आणि तो भाग आजूबाजूपेक्षा थंड व काळसर दिसतो. तारा स्वतःभोवती फिरत असल्याने डागांची बाजू आपल्याकडे आली की तेज कमी होते, पलीकडे गेली की वाढते. दुसरे कारण भडक्यांचे. चुंबकीय क्षेत्राची गुंतागुंत एकदम सुटली की काही मिनिटे ते काही तास तारा अचानक उजळतो. तिसरे कारण धुळीचे. अगदी कोवळ्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती असते, तिच्यातील एखादा दाट भाग आडवा आला की तारा झाकोळतो. चौथे कारण सर्वांत नाट्यमय आहे. त्या चकतीतील द्रव्य ताऱ्यावर कोसळते आणि तारा भडकून उठतो.

यातील पहिली दोन कारणे कृत्तिकांसारख्या, म्हणजे दहा-बारा कोटी वर्षे वयाच्या ताऱ्यांना लागू पडतात. शेवटची दोन त्याहूनही लहान, काही लाख ते थोड्या कोटी वर्षांच्या बाल ताऱ्यांमध्ये दिसतात. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. त्याच्या आयुष्याशी तुलना केली तर कृत्तिकांचे वय माणसाच्या साधारण एक वर्षाच्या मुलाइतके भरेल.

फिरण्याच्या वेगावरून वय

तारा जन्मतो तेव्हा जोरात फिरत असतो. त्याच्या पृष्ठभागावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत बाहेर जातो. हा वारा ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून बराच दूरपर्यंत त्याच्याबरोबर फिरतो आणि जाताना ताऱ्याची फिरण्याची ताकद थोडी थोडी घेऊन जातो. गरगर फिरणाऱ्याने हात पसरले की वेग मंदावतो, तसाच हा प्रकार. कोट्यवधी वर्षांत ताऱ्याची गती कमी होत जाते.

अमेरिकी शास्त्रज्ञ अँड्र्यू स्कुमानिच यांनी १९७२ मध्ये याला साध्या नियमाचे रूप दिले. ताऱ्याचे वय चौपट झाले की त्याला एक फेरी पूर्ण करायला साधारण दुप्पट वेळ लागतो. हा नियम आजही ताडून पाहता येतो. कृत्तिकांतील सूर्यासारखे तारे चार-पाच दिवसांत एक फेरी पूर्ण करतात. रोहिणीच्या आसपास इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसणारा तारकागुच्छ सुमारे ६५ कोटी वर्षांचा, म्हणजे कृत्तिकांच्या पाचपट वयाचा आहे. तिथल्या सूर्यासारख्या ताऱ्यांना फेरीसाठी दहाच्या आसपास दिवस लागतात. आणि आपल्या सूर्याचा विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत फिरतो. तिन्ही आकडे एकाच रेषेवर बसतात. फिरण्यावरून वय काढण्याच्या या पद्धतीला पुढे स्वतंत्र शाखेचे रूप आले.

या पद्धतीत तारकागुच्छांना विशेष महत्त्व आहे. एकट्या ताऱ्याचे वय सांगणे फार कठीण असते, कारण सूर्यासारखा तारा कित्येक अब्ज वर्षे बाहेरून जवळपास सारखाच दिसतो. गुच्छातील तारे मात्र एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले असतात. एकाच वर्षी शाळेत घातलेल्या मुलांचा वर्ग असावा, तसे. संपूर्ण वर्गाचे वय इतर मार्गांनी काढता येते, मग त्या वयाचा तारा किती वेगाने फिरतो हे पाहून घड्याळ लावता येते. कृत्तिका, रोहिणीचा गुच्छ आणि पुष्य नक्षत्रातील, साध्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखा दिसणारा गुच्छ हे तिन्ही आपल्या शेजारचे असल्याने घड्याळ लावण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्यावरच झाले.

बिघडलेल्या दुर्बिणीची देणगी

अडचण होती ती मोजमापाची. डागांमुळे ताऱ्याचे तेज फक्त काही टक्क्यांनी, कधी त्याहूनही कमी बदलते. जमिनीवरून हे मोजताना हवा, ढग, चंद्रप्रकाश आणि दिवस-रात्रीचे चक्र आड येते. पाच दिवसांचे आवर्तन पकडायचे तर सलग अनेक आठवडे, दिवसाही, ताऱ्याकडे पाहत राहायला हवे.

ही सोय झाली ती एका बिघाडामुळे. नासाची केप्लर अवकाश दुर्बीण २००९ मध्ये आकाशाच्या एकाच तुकड्याकडे पाहत परग्रह शोधण्यासाठी सोडली होती. मे २०१३ मध्ये तिला स्थिर ठेवणाऱ्या चाकांपैकी दुसरे चाक बंद पडले आणि मूळ मोहीम संपली. अभियंत्यांनी मग सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन दुर्बीण तोलून धरण्याची युक्ती काढली. मात्र त्यासाठी दुर्बिणीला सूर्यमार्गाच्या पट्ट्यातच पाहावे लागणार होते आणि दर ऐंशी दिवसांच्या आसपास जागा बदलावी लागणार होती. सूर्यमार्गाचा पट्टा म्हणजे आपल्या राशी-नक्षत्रांचाच पट्टा. कृत्तिका, रोहिणी, पुष्य हे तिन्ही गुच्छ त्यातच येतात. वृश्चिकेतील अगदी कोवळ्या ताऱ्यांचा समूहही येतो. पहिल्या मोहिमेत कधीच वाट्याला न आलेले हे गुच्छ दुसऱ्या मोहिमेत आपोआप समोर आले.

२०१५ च्या सुरुवातीला केप्लरने कृत्तिकांकडे सलग पाहिले. निरीक्षणे तपासल्यावर पाहिलेल्या सदस्य ताऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ताऱ्यांत फिरण्याचे स्पष्ट आवर्तन सापडले. आधी जिथे निवडक ताऱ्यांची माहिती होती, तिथे एकदम शेकडो ताऱ्यांचे वेग हाती आले. सूर्यासारखे तारे एका ठरावीक वेगाला आलेले दिसले, तर लहान, लालसर ताऱ्यांपैकी अनेक अजून एका दिवसाहून कमी वेळात फेरी मारत होते. म्हणजे लहान तारे उशिरा शांत होतात. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण त्याचा संबंध पुढे ग्रहांशी येतो.

केप्लर २०१८ मध्ये निवृत्त झाली. त्याच वर्षी सोडलेल्या ‘टेस’ या उपग्रहाने जवळपास सगळे आकाश तुकड्यातुकड्याने पाहिले, दर तुकडा सुमारे २७ दिवस. दुसरीकडे युरोपच्या ‘गाया’ उपग्रहाने अब्जाहून अधिक ताऱ्यांची स्थाने आणि त्यांच्या हालचाली अचूक मोजल्या. कृत्तिकांचा नवा अभ्यास या दोन वह्या शेजारी ठेवून झाला. टेसच्या नोंदींवरून वेगाने फिरणारे, म्हणजे तरुण तारे वेगळे काढले आणि त्यातले कोणते तारे कृत्तिकांच्या दिशेने मागे नेता येतात, हे गायाच्या नोंदींवरून पाहिले. जत्रेत पांगलेल्या माणसांमधून एका गावची माणसे शोधायची असतील तर वय आणि वाट दोन्ही विचारावी लागतात. फक्त वाट पाहिली असती तर आजूबाजूच्या असंख्य म्हाताऱ्या ताऱ्यांत हे तारे हरवून गेले असते.

घड्याळाच्या मर्यादा

या घड्याळावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. फार कोवळ्या वयात एकाच वयाचे तारे अगदी वेगवेगळ्या वेगाने फिरताना दिसतात. तेव्हा शंभर तारे पाहून समूहाचे वय सांगता येते, पण एकट्या ताऱ्याबद्दल छातीठोकपणे बोलता येत नाही. एकमेकांभोवती अगदी जवळून फिरणारे जुळे तारे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने वेग टिकवून ठेवतात. ते म्हातारे असले तरी तरुण भासतात. सूर्यापेक्षा थोड्या लहान ताऱ्यांचा वेग मधल्या वयात काही काळ कमी होणेच थांबते, असे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. शिवाय टेसच्या छायाचित्रातील एक ठिपका आकाशाचा बराच मोठा तुकडा व्यापतो, त्यामुळे गर्दीच्या भागात शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळतो.

म्हणून कृत्तिकांचे तीन हजार तारे ही यादी पक्क्या जनगणनेसारखी समजू नये. त्यातील काही नावे पुढे गळतील, काही नवी येतील. ताऱ्यांच्या वर्णपटातील लिथियमसारख्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून वयाची स्वतंत्र उलटतपासणी करता येते आणि करावी लागते. तरीही मूळ निष्कर्षाला त्याने बाधा येत नाही. तारे समूहाने जन्मतात, कालांतराने पांगतात आणि पांगल्यावरही त्यांच्या तेजातील चढउतार त्यांची ओळख जपून ठेवतो. आपल्या सूर्यालाही अशी भावंडे असावीत असे शास्त्रज्ञ मानतात. ४६० कोटी वर्षांत ती आकाशगंगेत कुठच्या कुठे गेली आहेत.

पाळण्यातला तारा

याहून लहान वयाच्या ताऱ्यांची कहाणी वेगळी आहे. १८५२ मध्ये इंग्रज निरीक्षक जॉन रसेल हाइंड यांना वृषभ राशीत एक मंद तारा आणि त्याच्याशेजारी धूसर तेजोमेघ दिसला. काही वर्षांत तो तेजोमेघ दिसेनासा झाला. ताऱ्याचे तेजही कमीजास्त होत होते. पुढे १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी अशा अनियमित ताऱ्यांचा एक वर्ग ठरवला आणि त्याला या ताऱ्यावरून ‘टी टॉरी’ असे नाव दिले. हे तारे म्हातारपणाने अस्थिर झालेले नसून नुकतेच जन्मलेले आहेत, हे स्पष्ट व्हायला आणखी काही वर्षे गेली. सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर अंबार्त्सुमियन यांनी ते समूहाने आणि वायू-धुळीच्या ढगांजवळ सापडतात याकडे लक्ष वेधले. पांगायला वेळ मिळालेला नाही, म्हणजे वय लहान, असा तो सरळ तर्क होता.

मृग नक्षत्रातील एफयू ओरायनिस या ताऱ्याने तर सगळ्यांनाच चकित केले. १९३६-३७ च्या सुमारास तो शंभरपटीहून अधिक तेजस्वी झाला. अशा उद्रेकानंतर तारे सहसा काही आठवड्यांत पुन्हा मंद होतात. हा तारा जवळपास नव्वद वर्षांनंतरही तेजस्वीच आहे. अशा उद्रेकात ताऱ्याभोवतीच्या चकतीतील द्रव्य प्रचंड प्रमाणात आत कोसळू लागते आणि चकतीच इतकी तापते की ती ताऱ्यालाही झाकून टाकते, असे आता मानले जाते. यावरून एक मूलभूत समजूत बदलली. तारा शांतपणे, रोज थोडे थोडे खात वाढतो असे वाटत होते. प्रत्यक्षात त्याच्या आहारात उपास आणि मेजवान्या दोन्ही आहेत. ज्या चकतीतून ग्रह घडायचे, ती चकती अशा मेजवानीच्या काळात तापते, तिच्यातील बर्फ दूरवर वितळून वाफ होतो आणि तिथली रासायनिक घडण बदलते.

यातील एक कथा महाराष्ट्रापर्यंत येते. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यातील हौशी आकाशनिरीक्षक जे मॅकनील यांनी आपल्या घराच्या आवारातून, तीन इंच व्यासाच्या छोट्या दुर्बिणीने मृगातील एका भागाचे छायाचित्र घेतले. त्यात आधीच्या नकाशांत नसलेला एक तेजोमेघ दिसला. व्ही१६४७ ओरायनिस हा धुळीत दडलेला बाल तारा अचानक उजळला होता आणि त्याच्या उजेडात शेजारचा ढग दिसू लागला होता. जुनी छायाचित्रे चाळल्यावर १९६६ च्या एका छायाचित्रातही तो सापडला. २००६ पर्यंत तो पुन्हा विझला आणि २००८ मध्ये परत उजळला.

या दुसऱ्या उद्रेकाचा मागोवा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या गटाने घेतला. सप्टेंबर २००८ ते मार्च २०१३ या काळात १२४ रात्री या ताऱ्याचे तेज मोजण्यात आले. त्यासाठी लडाखमधील हान्ले येथील हिमालयन चंद्र दुर्बीण आणि पुणे जिल्ह्यात गिरवली येथील ‘आयुका’ची दुर्बीण वापरली. दोन्हींचा व्यास दोन मीटर. जगातील मोठ्या दुर्बिणींपुढे हे आकार लहानच. पण साडेचार वर्षांच्या या चिकाटीतून कळले की तारा वर्षाला चार टक्क्यांहूनही कमी दराने मंद होत होता. आधीच्या उद्रेकातील तशाच टप्प्यापेक्षा हा वेग सहापट कमी होता. एकाच ताऱ्याचे दोन उद्रेक इतके वेगळे असू शकतात, हे दोन-चार रात्री पाहून कधीच कळले नसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या कथेला अनपेक्षित जोड मिळाली. चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने पाहिलेला, गुरूच्या पाच ते दहापट वस्तुमानाचा एक पिंड सेकंदाला सुमारे सहा अब्ज टन द्रव्य गिळताना आढळला. काही महिन्यांपूर्वीपेक्षा हा वेग आठपट होता. सुमारे ६२० प्रकाशवर्षे दूर असलेला हा पिंड कुठल्याही ताऱ्याभोवती फिरत नाही. वस्तुमानाने तो ग्रहाच्या जवळ, पण वागणे पाळण्यातल्या ताऱ्याचे. ग्रह आणि तारा यांच्यामधली रेघ आपण समजत होतो तितकी ठळक नाही, असे ही घटना सुचवते.

ग्रहांच्या नशिबाचा प्रश्न

ताऱ्यांच्या या चंचलपणाची किंमत कोणाला मोजावी लागते, तर त्यांच्याभोवतीच्या ग्रहांना. तरुण तारा वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्र तीव्र असते. त्यातून क्ष-किरण, अतिनील किरण आणि भडके मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. जवळच्या ग्रहाचे वातावरण या माऱ्याने तापते, फुगते आणि अवकाशात निसटू लागते.

वृषभ राशीतील व्ही१२९८ टॉरी हा दोन-तीन कोटी वर्षे वयाचा तारा याचे उत्तम उदाहरण आहे. केप्लरच्या दुसऱ्या मोहिमेतील निरीक्षणांतून २०१९ मध्ये त्याच्याभोवती चार ग्रह असल्याचे कळले. डागांमुळे होणाऱ्या मोठ्या चढउतारांमधून ग्रह समोरून जाताना होणारी बारीकशी घट वेगळी काढणे हेच मोठे काम होते. पुढे अनेक वर्षे या ग्रहांच्या वेळा मोजत राहिल्यावर, ते एकमेकांना किती ओढतात यावरून त्यांचे वस्तुमान काढता आले. जानेवारी २०२६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हे ग्रह आकाराने मोठे पण वजनाने अगदी हलके, कापसाच्या पिंजलेल्या गाठोड्यासारखे आहेत. काळाच्या ओघात त्यांचे वातावरण निसटून ते आकसतील. आपल्या आकाशगंगेत सर्वाधिक आढळणारे, पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान ग्रह असेच घडत असावेत. म्हणजे इतरत्र जे ग्रह आज आपण घट्ट, प्रौढ अवस्थेत पाहतो, त्यांचे बालपण इथे समोर घडते आहे.

आता लहान, लालसर तारे उशिरा शांत होतात, हा मुद्दा पुन्हा घेऊ. पृथ्वीसारख्या ग्रहांचा शोध सध्या बऱ्याच प्रमाणात अशाच ताऱ्यांभोवती चालतो, कारण त्यांच्यासमोरून जाणारा छोटा ग्रह ओळखणे तुलनेने सोपे असते. पण तिथल्या ग्रहाला कोट्यवधी वर्षे भडक्यांचा मारा सोसावा लागत असेल, तर त्याचे अंतर पाणी द्रवरूप राहण्याजोगे असूनही तिथे हवा उरली असेल का? ‘राहण्यायोग्य ग्रह सापडला’ अशी बातमी वाचताना हा प्रश्न मनात असू द्यावा. उत्तर देण्यासाठी ग्रहाच्या अंतराइतकाच ताऱ्याच्या तरुणपणाचा हिशेब महत्त्वाचा आहे.

हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. तरुण सूर्य आजच्यापेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी उजेड देत होता, पण जोरात फिरत होता आणि जास्त भडकत होता. मंगळाच्या हवेचा मोठा भाग सूर्याच्या वाऱ्याने आणि किरणांनी निसटला, हे नासाच्या ‘मेवन’ यानाच्या निरीक्षणांतून दिसले आहे. पृथ्वीची हवा टिकली. शेजारच्या दोन ग्रहांची नशिबे इतकी वेगळी का झाली, याचा एक धागा सूर्याच्या त्या काळातील वागण्यात आहे. तो काळ आपल्याला परत पाहता येणार नाही. कृत्तिकांमधील सूर्यासारख्या ताऱ्यांकडे पाहणे हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग.

पहारा कोण देणार?

यापुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. गायाने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणे थांबवली, इंधन संपत आले होते. तिच्या नोंदींचा पुढचा मोठा संच अजून यायचा आहे, पण नवे मोजमाप होणार नाही. टेस ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढे जाऊन काम करते आहे. जून २०२५ मध्ये चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे आली. ८.४ मीटर आरसा आणि जगातील सर्वांत मोठा डिजिटल कॅमेरा असलेली ही दुर्बीण दहा वर्षे दक्षिणेचे आकाश दर काही रात्रींनी टिपत राहील. एफयू ओरायनिससारखे दुर्मिळ उद्रेक ती मोठ्या संख्येने पकडेल, अशी रास्त अपेक्षा आहे.

पण रुबिन आली म्हणजे काम भागले, असे समजणे चूक ठरेल. ती इतकी संवेदनशील आहे की जवळच्या गुच्छांमधील सूर्यासारखे तारे तिच्या कॅमेऱ्यासाठी फार प्रखर ठरतात. कृत्तिका तर तिच्या मुख्य सर्वेक्षणाच्या पट्ट्याच्या उत्तरेला राहतात. शिवाय काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होणारे बदल दर काही रात्रींनी एकदा पाहून पुरते कळत नाहीत. रुबिनने ‘इथे काहीतरी घडते आहे’ असे कळवले, तर त्यानंतर रोज पाहणारा कोणीतरी लागेल. ते काम एक-दोन मीटरच्या दुर्बिणींचे आहे. भारत रेखांशाने चिली आणि हवाई यांच्यापासून खूप दूर आहे. तिथे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते आणि साखळीतील ही कडी तुटली तर नोंदींत भोक पडते.

अशा दुर्बिणींसमोर दोन संकटे आहेत. एक, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चालू उपग्रहांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे आणि छायाचित्रांत त्यांच्या रेघा उमटतात. दुसरे, शहरांची आणि महामार्गांची वाढती रोषणाई. या दुसऱ्या गोष्टीत आपल्या हाती काही आहे. हान्लेच्या परिसराला २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, तो मिळवणारे ते देशातील पहिले ठिकाण. दिव्यांवर झाकण बसवून उजेड खाली वळवणे, मध्यरात्रीनंतर जाहिरातींचे फलक विझवणे यांना फार खर्च येत नाही, वीज मात्र वाचते. वेधशाळांच्या आसपासच्या तालुक्यांत तरी हे नियम म्हणून लागू करायला हरकत नाही.

आणखी एक अडचण संशोधनाच्या व्यवस्थेतली आहे. ‘याच ताऱ्याकडे पाच वर्षे पाहायचे आहे’ अशा प्रस्तावाला दुर्बिणीचा वेळ आणि निधी मिळवणे अवघड जाते. पहिल्या चार वर्षांत सांगण्याजोगे काही घडले नाही, तर संशोधक विद्यार्थ्याचा प्रबंध अडतो. मॅकनीलचा तेजोमेघ एका हौशी निरीक्षकाने पाहिला, यामागे हेही एक कारण आहे. वेळापत्रकाच्या बाहेर जाऊन, हौसेने आकाश पाहणारे लोक व्यावसायिक दुर्बिणींच्या नजरेतून निसटलेले टिपतात. रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची अमेरिकी संघटना १९११ पासून जगभरातून अशा नोंदी जमा करते आहे आणि शास्त्रज्ञ त्या रोज वापरतात. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालू असलेल्या संस्था आणि राज्यभरातील आकाशनिरीक्षण गट यांच्याकडे आज चांगल्या दुर्बिणी आणि डिजिटल कॅमेरे आहेत. अशा गटांनी दोन-तीन तरुण तारे निवडून त्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवायची ठरवले, तर ते शास्त्राला उपयोगी पडेल.

एफयू ओरायनिस उजळला तो १९३६ च्या सुमारास. त्याचा उद्रेक आपल्याला आज समजतो, कारण त्याआधीची आणि नंतरची काचपट्ट्यांवरील छायाचित्रे कोणीतरी काढली आणि नंतरच्यांनी ती फेकून दिली नाहीत. तेव्हा त्यांचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. एका ताऱ्याचे बालपण कोट्यवधी वर्षे चालते, एखाद्या मोहिमेचा निधी पाच वर्षांत संपतो. ही तफावत भरून काढण्याचा मार्ग एकच, एकाने लिहिलेली वही दुसऱ्याने पुढे चालवणे. व्ही१६४७ ओरायनिस आज-उद्या पुन्हा उजळला, तर त्या रात्री हान्ले आणि गिरवली येथून कोणी पाहत असेल की नाही, हे आजच्या निर्णयांवर ठरणार आहे.